भावजय धावली

रस्त्याच्या पलीकडे भावजय धावत होती, आणि अलीकडे बसथांब्याचा कठडा धरून ताई मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं सोंग करत उभी होती. मोबाइल बंदच होता. ओटीपोटात कळ आली की चारचौघांत काय करायचं, याची ताईची रीत ठरून गेली होती. भिंत, खांब, कठडा, जे हाताला लागेल ते धरायचं, मान खाली घालायची आणि मोबाइल काढायचा. मोबाइलमध्ये डोकं घालून उभ्या असलेल्या बाईला कुणी विचारत नाही की बाई गं, तुला काय होतंय. कळ ओसरली तशी तिनं मान वर केली, आणि समोर हे. पाठीवर आपटणारी पिशवी, पायांत ते पांढरेशुभ्र चालायचे बूट, आणि सुटलेल्या बसच्या मागे जीव खाऊन धावणारी भावजय. तिनं दांडा पकडला, वर चढली, दारातच क्षणभर वळली, आणि तिचे सगळे दात ताईला दिसले. हसली होती. बस निघून गेली. आज? ताईच्या मनात आलं. आजच्या दिवशी ही धावते? आणि पाठोपाठ, कळेपेक्षा तिखट असं काहीतरी तिच्या छातीतून वर आलं. त्याला काय म्हणतात हे ताईला पक्कं ठाऊक होतं, ती काही साधीभोळी नव्हती. तो हेवा होता, निव्वळ हेवा, आणि गेले काही महिने तो तिच्याकडे मुक्कामालाच होता.

ताईला ताई म्हणण्याचा खरा हक्क एकट्या धाकट्या भावाचा. पण त्याचं ऐकून आई तिला ताई म्हणायला लागली, कामावर मालकही ताईच म्हणत, आणि भावजय घरात आली तीही ताई ताई करतच. त्या दोघींचं सूत जमलं ते दुखण्यावरून. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सगळे एकत्र जेवायला बसले होते, तेव्हा नवी सून पाण्याचा जग घ्यायच्या निमित्तानं उठली आणि टेबलाच्या कोपऱ्यावर उजवा खुबा दाबून उभी राहिली. जग तिच्या ताटासमोरच होता. आई म्हणाली, "बस की गं, काय हवंय?" जेवणं झाल्यावर ताई तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली आणि विचारलं, "कधीपासून?" भावजयीनं आधी वेड पांघरलं, "काय कधीपासून?" आणि मग ओट्यावर डोकं टेकून रडली. "ताई, सगळे म्हणतात, बायकांना दुखतंच." "दुखतं," ताई म्हणाली, "पण एवढं नाही." एवढंच वाक्य ताईला शाळकरी वयात कुणीतरी ऐकवायला हवं होतं. कुणी ऐकवलं नव्हतं. तिनं ते भावजयीला देऊन टाकलं. डॉक्टरीणबाईंकडे तीच तिला घेऊन गेली. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी बाहेर, भलत्याच जागी रुजतं, पाळीच्या वेळी तिथंही सुजतं, आणि आतलं सगळं एकमेकांना चिकटायला लागतं. ताईला हे कळायला निम्मं आयुष्य गेलं होतं. भावजयीला ते एका दुपारी कळलं, ताईमुळे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया दोघींची झाली, हार्मोनच्या गोळ्या दोघींनाही सोसल्या नाहीत, आणि पुढे पुढे तर पाळीच्या तारखाही जुळायला लागल्या. त्या दिवसांत भावजयीचा फोन यायचा. बोलायचं काहीच नाही. आपापल्या घरी पोटाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन दोघी आडव्या, फोन उशीवर, आणि नुसते श्वास. एकीचा श्वास अडकला की दुसरी म्हणायची, "जाईल, जाईल." भाऊ चेष्टा करायचा, "अगं, फोन लावलाय तर बोला तरी काहीतरी!" ताईला त्या मुक्या फोनची सवय लागली. इतकी, की पाळीची तारीख जवळ आली की तिला धास्तीही वाटायची आणि बरंही वाटायचं. दुखण्याची वाट बघणारी बाई सहसा कुणाच्या बघण्यात नसते. ताई तशी झाली होती.

मग भावजयीनं ते सगळं सुरू केलं. डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकाच खोलीत, एकाच दमात सांगितलं होतं. रोज चाला. साखर, मैदा, तळलेलं कमी करा. पालेभाज्या, जवस, मासे वाढवा. झोपेची वेळ पाळा. शेक घ्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे जाऊन पोटातून श्वास घ्यायला शिका, कमरेखालचे स्नायू तुम्ही सदानकदा आवळून धरलेत ते सैल सोडायला शिका. "यानं आजार जात नाही," असंही त्या म्हणाल्या होत्या. "काहींचं दुखणं पुष्कळ कमी होतं, काहींचं जरासं, काहींना फरकच पडत नाही. आणि वाढलं तर माझ्याकडे यायचं. घरी सोसत बसायचं नाही." ताई मनातल्या मनात म्हणाली होती, चाला म्हणे! भावजयीनं मात्र सगळं इमानेइतबारे केलं. सुरुवातीला काही नाही. मग एका महिन्यात तिचा फोनच आला नाही. ताईनं वाट पाहिली, पिशवी गार होईपर्यंत पाहिली, शेवटी आपणच लावला. पलीकडून भांड्यांचा आवाज, गाणं, आणि भावजय म्हणाली, "अय्या, ताई! मी विसरलेच की हो! आज फारसं दुखतच नाहीये." विसरले. तो शब्द ताईला असा लागला की काही विचारू नका. दुखणं विसरताही येतं? "अरे वा, छान झालं," ताई म्हणाली, अगदी गोड आवाजात, आणि फोन ठेवून तिनं उशी तोंडावर दाबली. भावजयीला बरं वाटतंय याचं तिला वाईट वाटत होतं. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणावं? तिनं स्वतःला बरंच काही म्हणून पाहिलं. हेवा जागचा हलला नाही.

आणि तो भाऊ! लहानपणी एका भिंतीपलीकडे झोपायचा तो. ताई इकडे कण्हत असली की तिकडून ओरडायचा, "ताई, हळू ना, मॅच चालू आहे!" आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा. वाईट नव्हता, पोरगाच होता, त्याला काय कळतंय. पण आता हाच बायकोच्या आधी उठतो. पाणी तापवतो, पिशवी भरतो, स्वतःच्या गालाला लावून बघतो की चटका तर बसणार नाही ना. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दाखवलं तसं कमरेवर दाबून देतो. सारख्या बिया चघळते म्हणून तिला खारूताई म्हणतो आणि त्याच बिया स्वतः भाजून बरणीत भरून ठेवतो. ते पांढरे बूटही त्यानंच आणलेले. "ताई, बघ ना, पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत जाताना रडत होती, आता मला धाप लागते!" हे तो ताईला सांगायचा, ताईला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढंसुद्धा यायचं नाही की आपण कुणाला काय सांगतोय. ताई "हो का?" म्हणायची. भावजयीचं दुखणं कमी झालं याचा हेवा एकवेळ तिनं गिळला असता. पण सकाळच्या उजेडात कुणीतरी आपल्यासाठी पिशवी गालाला लावून बघतंय, हे चित्र तिच्या डोक्यातून जाईना. चालणं, बिया, श्वास, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी दोघींना सारखं वाटून दिलं होतं. हे एवढंच एकीच्या वाट्याला जास्त आलं होतं.

त्यातून आई. आई ताईकडेच राहायची. ताईला दुखतं, खरंच दुखतं, यावर आईचा विश्वास बसायला फार वर्षं लागली होती. नखरे आहेत, कामं चुकवायचे बहाणे आहेत, लग्न झालं की थांबेल. मग लग्न झालं, मोडलं, आणि दुखणं थांबलं नाही, तेव्हा सारखा तोच विचार करतेस म्हणून दुखतं. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आतले फोटो दाखवले, तेव्हा कुठे आई त्या फोटोंकडे टक लावून बघत राहिली, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा लेकीच्या केसांतून हात फिरवला. तो हात ताईनं जपून ठेवला होता. आता भावजय बरी झाली आणि आईचं पुन्हा सुरू झालं. ताई पिशवी घेऊन पडलेली असली की आई दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "सूनबाईनं मनावर घेतलं. तू मनावर घेत नाहीस." शेजारणींना, नात्यातल्या बायकांना, भाजीवालीलासुद्धा तिनं सुनेची गोष्ट सांगून टाकली होती. गोष्टीचा शेवट ठरलेला: "नाहीतर आमची ही." म्हणजे भावजय बरी झाली आणि ताई पुन्हा खोटी ठरली. एकीच्या बरं होण्यात दुसरीचं खोटं ठरणं दडलेलं आहे, हे आईच्या गावीही नव्हतं. ताईची एवढीच मिळकत होती, आईला पटलं होतं की हिला दुखतं. तीही हातची चालली होती.

आणि गंमत अशी, की ताई मनावर घेत होती. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच. आईसमोर "असल्या फॅडांवर माझा विश्वास नाही" म्हणायची, आणि कामावरून सुटल्यावर दोन थांबे आधीच उतरून मागच्या रस्त्यानं चालायची, जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही. जवसाची पुडी तिच्या कामाच्या खणात, मोजमापाच्या पट्ट्यांच्या मागे. भावजय कौतुकानं सांगायची तो प्रत्येक बारकावा ती उडवून लावायची आणि घरी येऊन तसाच करायची. पोटावर हात ठेवून श्वास घ्यायची, खोलीचं दार लावून, चोरून सिगारेट ओढावी तसा. उघड का नाही केलं? कारण उघड करून जमलं नसतं तर मग म्हणायला काही उरलं नसतं. तसं अगदीच काही झालं नाही असंही नाही. झोप सुधारली. कंबर पूर्वीइतकी आखडत नसे. अधल्यामधल्या दिवसांतलं ते ठसठसणं कमी झालं, हे तिला मान्य करावंच लागलं, कुरकुरत का होईना. पण त्या ठरावीक दिवसांतली कळ होती तशीच यायची. तेच चालणं, त्याच बिया, तोच श्वास, आणि एक बाई बसच्या मागे धावते, दुसरी कठडा धरते. याचा हिशेब कुणाकडे मागायचा?

हे सगळं डोक्यात घेऊन ताई कामावर आली. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारी ती छोटीशी कार्यशाळा. प्लास्टरची पांढरी धूळ, मेणाचा वास, प्रत्येकाच्या टेबलावर एक छोटी बत्ती आणि एक दिवा. ताईचं काम मेणात दात बसवायचं. साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी घडवायची आणि त्यात एकेक दात तापल्या हत्यारानं रोवायचा. यात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. एकसारखे मोत्यांसारखे दात बसवले की कवळी लगेच कवळी दिसते. म्हणून ताई एखादा दात किंचित वळवायची, एखाद्याची कड झिजवायची, माणसाच्या जुन्या फोटोत बघून. आज समोर एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा जबडा होता, फोटोत बाई मंद हसत होत्या, सरळ साध्या रांगेचे दात. ताई कामाला लागली. मेण मऊ झालं, घट्ट झालं. मधेच कळ आली, तिनं टेबलाच्या कडेवर पोट दाबलं, कळ गेली. भावजय आता कुठं असेल? बसमध्ये जागा मिळाली असेल, भावाला फोन करून सांगत असेल, आज मी बस पकडली, पळत, हो, आजच! आणि तो तिकडे गावाला कामाच्या गडबडीत असूनही हसत असेल. मालक मागे येऊन उभे राहिले. ते म्हातारे, थट्टेखोर, पण दाताच्या बाबतीत एकदम कडक. त्यांनी साचा उचलून दिव्याखाली धरला. "ताई, झकास लागलेत. पण हे आहेत कुणाचे?" ताईनं बघितलं. वरचा डावा दात शेजारच्यावर चढलेला, सुळा जरासा पुढे, आणि हिरडी इतकी वर उघडी, की ओठ पार मागे ओढल्याशिवाय कधी दिसणार नाही. हे भावजयीचे दात होते. "ही बाई हसतेय की बोंबलतेय?" मालक म्हणाले आणि फोटो तिच्यापुढे सरकवून गेले. ताईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं काम करून तिच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती. एका परक्या म्हातारीच्या तोंडात ती आपल्या भावजयीचं हसू बसवून देणार होती. तिनं हत्यार तापवलं आणि एकेक दात उपटून काढला, आणि प्रत्येक दात निघताना तिला बरं वाटलं, हे तिला कळलंही.

फोन आला तेव्हा दुपार कलत होती. "ताई," भावजय म्हणाली. "याल का? हे गावाला गेलेत. आईंना नका सांगू." तिचं घर कार्यशाळेपासून जवळच, ताई चालतच गेली, थांबत, कठडे धरत. दार नुसतं लोटलेलं होतं. भावजय न्हाणीघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, पांढरे बूट अजून पायांतच. तिला काखेत धरून ताईनं पलंगापर्यंत आणलं. दोघीही वाकलेल्या, कोण कुणाला आणतंय हे बघणाऱ्याला कळलं नसतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरीणबाईंनी दिलेली, अगदीच असह्य झाल्यावर घ्यायची ती गोळी कुठं असते हे ताईला न विचारता माहीत होतं. गोळी दिली, बूट काढले, पाणी तापायला ठेवलं.

"डॉक्टरीणबाईंना फोन केला, उद्या सकाळची वेळ दिलीय," भावजय उशीत तोंड घालून बोलत होती. "खरंच बरं होतं हो ताई. मधे बरेच महिने खरंच बरं होतं, मी खोटं नाही बोलले. मग हळूहळू परत आलं. चालले की अजून मोकळं वाटतं, ते सगळं सोडणार नाही मी. पण हे... मग सांगायची लाज वाटली. आई सगळ्यांना सांगत सुटलेल्या. ह्यांना एवढं कौतुक. तुम्हाला तर कुठल्या तोंडानं सांगणार होते? त्या दिवशी विसरलेच म्हणाले होते मी."

"सकाळी बघितलं मी तुला," ताई म्हणाली. "बसमागे धावताना. हसत होतीस."

"हसत?" भावजयीनं मान वळवली. "दात आवळले होते, ताई. रस्त्यात किंचाळू नये म्हणून. ती बस चुकली असती तर पुढची येईपर्यंत उभं राहवलं नसतं, तिथंच बसकण मारली असती मी."

ताई तिच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर दात हाताळणाऱ्या बाईनं दातच बघितले होते, वरचे डोळे बघितलेच नव्हते. आणि मग ताईला आनंद झाला. दुसरा शब्द नाही त्याला. पोटातली कळ तशीच असताना, हातात पिशवी असताना, समोर ही पोर तळमळत असताना, तिच्या अंगभर एक गोड गरम आनंद पसरला: परत आली. माझ्याकडे परत आली. मी खोटी नाही. एवढं मनावर घेऊन, एवढे लाड करून घेऊनसुद्धा हिलाही दुखतं. तिला त्या आनंदाची शिसारी आली आणि तरीही तो ओसरेना.

"बरं वाटलं ना?" भावजय म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. आवाजात राग नव्हता. "मला वाटलं असतं."

"हो," ताई म्हणाली. "वाटलं."

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. आई. "काय गं, सूनबाई फोन उचलत नाहीये. दोनदा केला. तू कुठं आहेस?"

"तिच्याकडेच," ताई म्हणाली. भावजयीनं डोकं वर करून तिच्याकडे बघितलं. ताईच्या जिभेवर वाक्य तयार होतं. ये, आणि बघ तुझी मनावर घेणारी सून कशी पडलीय. एवढं म्हटलं असतं की झालं. आई रिक्षा करून आली असती, दारात उभी राहिली असती, तिनं बघितलं असतं, आणि घरी गेल्यावर कदाचित पुन्हा एकदा लेकीच्या केसांतून हात फिरवला असता. ताईला तो हात हवा होता. या वयातही हवा होता.

"तिकडे कशी तू? ती बरी आहे ना?"

"ती ठणठणीत आहे," ताई म्हणाली. "मला कामावर दुखायला लागलं. तिचं घर जवळ, म्हणून आले. ती शेक देतेय मला. हात गुंतलेत तिचे, म्हणून फोन उचलला नाही."

"बघ," आई म्हणाली, "तिलाही तेच होतं ना? पण तिनं मनावर घेतलं. आणि वर तुझंही करतेय. तू नुसती पडून राहा."

"हो."

"नशीब लागतं अशी भावजय मिळायला."

"लागतं," ताई म्हणाली, आणि फोन ठेवला.

भावजय रडत होती, पण आवाज नव्हता. "कशाला असं सांगितलंत? आता त्या तुम्हाला..." "गप्प पड," ताई म्हणाली. तिनं पलंगाच्या कडेवर बूड टेकलं, पिशवी भावजयीच्या पोटाशी सरकवली आणि तिला कुशीवर वळवलं. मग कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, डाव्या अंगाला तळहात टेकवून भार दिला. भावजयीचा अडकलेला श्वास सुटला. "तिथंच," ती म्हणाली. "ह्यांना रोज सांगावं लागतं, वर, खाली, डावीकडे. तुम्हाला कसं कळतं हो?" ताईची स्वतःची कळ आता वर चढत होती आणि ती दातांवर दात ठेवून बसली होती. त्या जागेवर तिच्या पाठीला आजवर कुणाचा हात लागला नव्हता, सांगूनही नाही आणि न सांगताही नाही. हाताखाली ती पाठ हळूहळू सैल पडली, खांदे खाली आले, आणि पोर झोपली. ताईला तिचा इतका हेवा वाटला, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हिला नणंद चांगली मिळाली होती.